तेवीस नावांची मातोलो

मातोलोला सोपा प्रश्न विचारू नये, हे एमथोन्जेनी गावात शेंबडं पोरही सांगेल. अवघड खुशाल विचारा, एका शब्दात उत्तर मिळेल. "नवरा कशानं गेला?" म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणायची, "छातीनं." विषय संपला. पण "मातोलो, कशी आहेस?" असं चुकून तोंडातून गेलं, की विचारणाऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवावी आणि सावली शोधावी. आधी ती स्वतः कशी आहे ते यायचं, मग गुडघा कसा आहे ते, मग कोंबड्या, मग केपटाउनचे दोन्ही मुलगे, आणि शेवटी जी मंडळी केव्हाच वर गेली तीसुद्धा एकूण बरी आहेत असं कळायचं.

टॅक्सीवाल्यांनी तर तिला "आई, कुठं उतरणार?" हे विचारणं कधीच सोडून दिलं होतं. ती उतरण्याची जागा सांगायची म्हणजे ते शेत आज कुणाचं, त्याआधी कुणाचं आणि मधे बैलावरून काय झालं इथपर्यंत जायची, तोवर टॅक्सी दोन टेकड्या पुढे. आता तिला न विचारताच ओढ्याजवळ गाडी थांबते. ती उतरते आणि ड्रायव्हरला म्हणते, "बघ, न सांगता कळतं तुला. कुळ चांगलं आहे."

कुळ हा तिचा सगळ्यात मोठा विषय. मातोलो हे तरी तिचं नाव कुठं होतं? ती तोलो कुळातली लेक, म्हणून मातोलो. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, सासरचं आडनाव म्बुके लागलं, तरी हाक माहेरच्या कुळाचीच. तिकडे तशीच पद्धत. आणि कुळाचं नाव घेतलं की त्यामागे पूर्वजांची बिरुदं ओळीनं घ्यायची, त्याशिवाय माणसाला नीट हाक मारली असं होत नाही. मातोलोचं म्हणणं, एकटं नाव म्हणजे बिनदोराची बादली. विहिरीत सोडली की गेली.

अशी ही मातोलो अकरा वर्षं लिथेम्बा बालवाडीत स्वयंपाकीण होती. कागदावर स्वयंपाकीण. प्रत्यक्षात ती फाटक उघडायची, नाकं पुसायची, बूट उलटे घातलेल्यांचे सुलटे करायची आणि चाळीस पोरांची न्यायाधीश होती. बालवाडी फेझेकाची. फेझेकाबाई शिकलेल्या, भिंतीवर अक्षरांचे तक्ते लावणाऱ्या. पण पोरं तक्त्याला भीत नसत, मातोलोला भीत. तिनं अकरा वर्षांत कुणाला चापट मारली नव्हती. तिची तऱ्हाच वेगळी. लवांडो नावाच्या चार वर्षांच्या इसमानं एकदा दुसऱ्याच्या बुटात मक्याची आंबील ओतली. मातोलोनं कमरेवर हात ठेवले, आभाळाकडे पाहिलं आणि लवांडोच्या कुळातल्या एकेका पूर्वजाला नावानं बोलावलं. "या हो, या. बसा. तुम्हीपण या आजोबा, काठी तिकडं ठेवा. आता बघा तुमच्या नातवानं काय केलंय ते." लवांडो मान खाली घालून, न दिसणाऱ्या त्या गर्दीपुढे पाच मिनिटं उभा राहिला. मग गुपचूप गेला आणि बूट धुऊन आणला. दुसऱ्याच पोराचा आणला, पण आणला.

तर एका सोमवारी लुमका मॅडम आल्या. लुमका म्हणजे तालुक्याच्या सोशल वर्कर. वय तिशीच्या आत, पांढरी सरकारी गाडी, काखेत फाइल आणि चेहऱ्यावर कायम 'अजून चार गावं व्हायचीत' असा भाव. त्यांनी फेझेकाचे कागद पाहिले, संडास पाहिला, पाण्याची टाकी पाहिली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकल्या.

"या कोण?"

फेझेकानं डोळे मिटून घेतले. प्रश्न सोपा होता.

पाऊण तासानं लुमका मॅडमना दुसरा प्रश्न विचारायची संधी मिळाली. "आई, तुमचं नोंदवहीचं पत्र कुठाय?"

"कसली नोंदवही?"

"बालसंरक्षणाची. राजधानीत असते. तिचे दोन भाग. अ भागात मुलांची नोंद, म्हणजे कुठल्या मुलाला कुणी मारलं, उपाशी ठेवलं, छळलं, ते. त्या मुलाकडे पुढं लक्ष राहावं म्हणून. आणि ब भागात मोठ्या माणसांची नावं. ज्यांनी मुलांजवळ फिरकूही नये असं कोर्टानं किंवा चौकशीत ठरलंय, त्यांची. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकानं आपलं नाव ब भागात नाही असं पत्र आणायचं. कायदा आहे."

"मग वाचून दाखव ना ती यादी. मी सांगते तुला कोण कसा आहे ते."

"ती कुणालाच वाचता येत नाही, आई. गुप्त असते."

"कुणीच वाचायची नाही?"

"नाही."

"मग लिहिली कशाला?"

"विचारता येतं. पण फक्त स्वतःबद्दल. किंवा नोकरी देणाऱ्यानं कामावरच्या माणसाबद्दल."

"म्हणजे शेजारणीबद्दल नाही?"

"नाही!"

मातोलोला ही नोंदवही अजिबात आवडली नाही. गावात असली वही एकच होती, ती म्हणजे ती स्वतः, आणि ती कुणालाही कधीही वाचता येत असे.

लुमका मॅडम फाइल मिटता मिटता सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आई, हसू नका. मागं एका हॉस्टेलचा वॉर्डन होता. एका शाळेतून काढला, तर दोन जिल्हे ओलांडून दुसऱ्या शाळेत लागला. तिथून काढला, तिसरीकडं. दर वेळी वेगळं नाव. कुणी कुणाला विचारलंच नाही."

मातोलो हसत नव्हतीच. तिनं डाव ठेवला आणि भांड्यावर झाकण घातलं.

"नीट तपासा मग," ती म्हणाली. "माझंपण."

"तोवर तुम्हाला आत मुलांबरोबर राहता यायचं नाही. महिनाअखेरीच्या शुक्रवारी मी येईन. तोवर पत्र आलं तर तुम्ही, नाही तर फेझेकाला दुसरी बाई घ्यावी लागेल. चाळीस मुलं आहेत, मी तरी काय करू?"

दुसरी बाई कोण हे सांगायला नको होतं. मारादेबे. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तिचं पत्र केव्हाच आलेलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ती ते चर्चलासुद्धा नेत असे. त्याच दुपारी ती येऊन उभी राहिली, कमरेला एप्रन बांधूनच.

"तात्पुरती आलेय हो मातोलो," ती म्हणाली. "तुझं नाव शोधायला त्यांना वेळ लागेल ना. माझं बाई लगेच कळलं."

"तुझं कळणारच. तुला आहे काय, एकच."

इथं मातोलोच्या हातून जे झालं ते तिकडच्या डोंगरातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. अर्जात एक रकाना होता. 'इतर नावे, असल्यास.' पुढे एक ओळ. मारादेबेनं तिथं रेघ मारली होती. मातोलोनं फेझेकाला समोर बसवलं आणि म्हणाली, "लिही. माणूस नाव लपवून पळतो ना? मी एकही लपवणार नाही."

ओळखपत्रावरचं खुसेल्वा. मिशनच्या शाळेत मास्तरांना उच्चारता येईना म्हणून दिलेलं एव्हेलिना. सासूनं लग्नात ठेवलेलं नोलुंडी. आजी मारायची ती हाक. हॉस्टेलातल्या मुलींनी ठेवलेलं 'रेडिओ'.

"हे कशाला, मातोलो?"

"चार वर्षं त्याच नावानं जेवलेय मी. लिही."

मग पोरं म्हणतात ते मखुलू, म्हणजे आजी. मग मातोलो. आणि मातोलो आलं म्हणजे द्लांगामांद्ला आलं, मबानेकाझी आलं, आणि त्यामागे खापरपणज्यापर्यंतची सगळी बिरुदं. अर्धीच बिरुदं घेणं म्हणजे पूर्वजांना दारात उभं करून आत चहा पिण्यासारखं. तेवीस नावं झाली. रकाना संपला, समास संपले, चार पुरवण्या जोडल्या. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ओळखपत्राच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला गेली, तर म्हणाली पुरवण्यांवरही मारा. हवालदारानं पहिल्या पानावर जोरात शिक्का मारला, शेवटच्यावर नुसता टेकवला.

"आई, ही एवढी माणसं कोण?"

"मीच."

"सगळी?"

"सगळी. आणि सगळ्यांचा गुडघा एकच आहे, तेव्हा बसायला खुर्ची दे."

अर्ज गेला. मातोलोनं कायदा मोडला नाही. ती फाटकाच्या आत एक पाऊल टाकत नव्हती. पण तिचं घर बालवाडीला लागूनच, मधे तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या अलीकडे स्टूल घेऊन बसायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती. सकाळी आठला ती बसायची. पोरांनी चार दिवसांत सगळा संसार कुंपणाजवळ हलवला. अक्षरांचे तक्ते फेझेकानं आतल्या भिंतीवर लावले होते, पोरं मात्र तारेला नाकं लावून उभी. मारादेबे आतून ओरडायची, "जेवायला चला!" आणि चाळीस पोरं ताटल्या घेऊन कुंपणाशी यायची, तिथंच बसून खायची. मातोलो पलीकडून नुसतं बघायची. बोलायला बंदी नव्हती, पण तिनंच स्वतःवर घालून घेतली होती. पोरांना ते इतकं विचित्र वाटलं, की दोघं-तिघं तिला बरं नाही असं घरी सांगून आली आणि संध्याकाळी तीन बाया अंडी घेऊन भेटायला आल्या.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. एमथोन्जेनीत रेंज येते ती मातोलोच्या अंगणात, पालथ्या पत्र्याच्या टबावर उभं राहिलं तर. ती चढली.

"मिसेस म्बुके का? मी नोंदवहीच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या अर्जाबद्दल."

"कोण तू?"

"सिव्हिवे."

"कुणाचा?"

"टेबल नंबर चार."

"टेबल विचारलं का मी? कुळ सांग."

सरकारी नोकरीत या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक नसतं. पण आईच्या वयाच्या बाईनं विचारलं आणि उत्तर दिलं नाही, असा मुलगा तिकडे अजून जन्मायचा होता.

"तोलो," तो म्हणाला.

मातोलो टबावरून पडता पडता वाचली. एका कुळातला म्हणजे सख्खा भाचाच. "अरे, माझ्या भावाच्या पोरा!" ती ओरडली, आणि तिनं बिरुदं सुरू केली. द्लांगामांद्ला! मबानेकाझी! तिकडे सिव्हिवे खुर्चीतून उठून उभा राहिला. आपल्या कुळाची बिरुदं कोणी घेत असताना बसून कसं राहणार? तो उभा राहिला म्हणून शेजारचे दोघं काय झालं बघायला उठले. राष्ट्रगीत आहे की काय असं वाटून दारातला शिपाईही उठला.

"आत्या," बिरुदं संपल्यावर सिव्हिवे म्हणाला. "किती दिवसांनी ऐकली ही. आजी घ्यायची."

"आता रोज फोन कर. बरं, माझ्या पत्राचं काय झालं?"

सिव्हिवे एकदम खाली बसला. "अरे देवा."

"काय रे?"

"आत्या, आता मला तुमची फाइल बघता येणार नाही."

"का?"

"नियम आहे. नातेवाइकाची फाइल नातेवाइकानं तपासायची नाही. नाही तर कोणीही आपल्या काकाला सोडून देईल."

"पाच मिनिटांपूर्वी बघत होतास ना?"

"पाच मिनिटांपूर्वी तुम्ही अर्जदार होतात. आता आत्या आहात."

"मग नव्हते असं समज."

"आत्या!" तो इतक्या दुखावल्या सुरात म्हणाला, की मातोलोनं तिथल्या तिथं माफी मागितली.

फाइल सिव्हिवेच्या टेबलावरून तीन नंबरच्या टेबलावर गेली. तिथली मुलगी पुरवणी उघडून बघते तो तिच्या आईचं कुळ. तिनं "मावशी!" म्हणून फाइल पुढे सरकवली. दोन नंबरचे गृहस्थ अगदी परके होते, पण त्यांची बायको तोलो. त्यांनी नावं वाचली, उठून फाइलला आदरानं वाकले (सासरची मंडळी ती) आणि हात न लावता ती फूटपट्टीनं ढकलली. नुसतं 'खुसेल्वा म्बुके' लिहिलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. तेवीस नावांनी अर्ध्या ऑफिसला नात्यात ओढलं होतं, आणि माणसं प्रामाणिक निघाली, हीच पंचाईत.

इकडे महिना संपत आला. मारादेबे आता 'तात्पुरती' हा शब्द वापरत नव्हती. तिनं स्वयंपाकघरात आपलं कॅलेंडर टांगलं. मातोलोला ते कुंपणावरून दिसलं, आणि तिनं स्टूल फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती पोरांकडे पाठ करून बसली. फेझेका तारेशी आली.

"मातोलो, मी पुन्हा अर्ज करू का? एकाच नावाचा?"

"आणि बाकीच्या बावीसजणींना कुठं ठेवू? गोठ्यात?"

"मातोलो, शुक्रवार परवावर आलाय!"

"मला माहीत आहे शुक्रवार कधी आहे ते." मग हळू आवाजात, "तो धाकटा बोन्गा जेवत नाहीये गं. त्याला आधी चमच्याच्या मागच्या बाजूनं भरवायचं. मारादेबेला सांग. मी सांगितलं म्हणू नकोस."

गुरुवारी फोन वाजला. या खेपेला बाईचा आवाज, कोरडा, खडखडीत. फाइल शेवटी मिसेस एंगेलब्रेख्त यांच्या टेबलावर पोचली होती. त्या गोऱ्या; त्यांचं तोलो कुळाशी, किंवा त्या डोंगरांतल्या कुठल्याच कुळाशी, काही नातं असण्याची शक्यता नव्हती, आणि पुढच्या वर्षी त्या रिटायर होणार होत्या.

"यातलं तुमचं नाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"मला ओळखपत्राचा नंबर वाचून दाखवा. तेरा आकडे. बास."

"बाई, नंबरला आईबाप नसतात."

"म्हणूनच मला आवडतो," मिसेस एंगेलब्रेख्त म्हणाल्या. मातोलोनं आकडे वाचले. पलीकडे टकटक झाली. "आता बाकीची बावीससुद्धा बघते. कायद्यात इतर नावं तपासा म्हटलंय. माझी चाळीस वर्षांत एक चूक नाही, ती तुमच्यासाठी करणार नाही."

मातोलोला ही बाई फार आवडली. तिनं कुळ विचारायला तोंड उघडलं, टबावर पाय रोवले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न गिळला. कोण जाणे, निघायची कुठली तरी मावशी.

शुक्रवारी पांढरी गाडी आली तेव्हा मारादेबे नव्या एप्रनमध्ये पायरीवर उभी होती. चाळीस पोरं कुंपणाला. मातोलो पलीकडे उभी, चर्चचा झगा घालून. लुमका मॅडम उतरल्या, फाइल उघडली, सकाळीच ऑफिसात फॅक्सनं आलेला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. खुसेल्वा म्बुके, ओळखपत्र क्रमांक अमुक, यांचे नाव नोंदवहीच्या ब भागात आढळले नाही.

फेझेकानं टाळ्या वाजवल्या. पोरांनी काही न कळता वाजवल्या. मारादेबेनं एप्रनची गाठ सोडली, पण सावकाश, कारण मातोलो हलत नव्हती.

"आढळलं नाही म्हणजे? नीट शोधलं का?"

"आई, आढळायला नकोच होतं! ही एकच वही आहे जिच्यात नाव नसलं की पेढे वाटायचे."

"ते कळलं गं मला. पण कागदावर एकीचंच नाव आहे. खुसेल्वा आत गेली तर चालेल. मखुलूचं काय? रेडिओचं काय? त्यांचं पत्र कुठाय?"

लुमका मॅडमनी घड्याळ पाहिलं. चार गावं राहिली होती. कागद पुन्हा पाहिला, तर तळाशी हातानं लिहिलेली बारीक ओळ. 'जोडलेल्या पुरवण्यांतील उर्वरित बावीस नावेही तपासली. कोणीही आढळले नाही. ए. एंगेलब्रेख्त.'

त्यांनी ती वाचून दाखवली आणि फाटक सताड उघडलं. "या आता. सहकुटुंब सहपरिवार या."

मातोलोनं पाऊल उचललं तोच लुमका मॅडमना आठवलं. पत्र मिळाल्याची पोच घ्यायची होती. त्यांनी फाइल पुढे केली, पेन दिलं. मातोलोनं पेन हातात धरलं, कागदाकडे पाहिलं आणि विचारलं,

"कुठल्या नावानं करू?"

"अंगठा!" लुमका मॅडम किंचाळल्या. "अंगठा द्या, आई! शाई आहे माझ्याकडे!"

"मिशनची पाचवी झालेय मी. अंगठा देऊ?"

"द्या. हात जोडते."

मातोलोनं अंगठा दिला. मग निळा अंगठा वर धरून, झग्याला लागू नये म्हणून हात लांब ठेवून, ती फाटकातून आत गेली, आणि चाळीस पोरं एकदम अंगावर आल्यावर झग्याचं काय झालं ते विचारू नका.